गेस्ट प्लेयर आणा, पण आधी सात नंबरशी बोला

जिल्ह्यातील सर्व बास्केटबॉल क्लबांचे अध्यक्ष, सचिव, समिती सदस्य आणि माझे सहकारी प्रशिक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतरच्या स्पर्धांच्या एंट्र्या आता सुरू होतील. कोणता क्लब यंदा कुणाला आणतोय याची चर्चा मात्र ग्राउंडवर आधीच रंगली आहे. कुणी म्हणतं रेल्वेचा एक सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू, येणार, कुणी म्हणतं युनिव्हर्सिटी टीमच्या कॅप्टनशी बोलणी चालू आहेत. राहणं, जेवण, गाडीभाडं, वर मानधन, त्यातलं कुठल्या देणगीदाराकडून किती मिळेल, इथपर्यंत हिशेब झाले आहेत. हे सगळं ठरत असताना एका मुलाशी कुणीच बोलत नाही. तो आज तुमच्या पहिल्या पाचात आहे आणि गेस्ट, म्हणजे स्पर्धेपुरता बाहेरून आणलेला खेळाडू, आल्यावर नसेल. हे पत्र त्याच्यासाठी आहे.

बाहेरचा खेळाडू आणायला माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो. उंच पोरासमोर ले-अप मारायला शिकायचं तर समोर उंच पोरगा लागतो. मोठ्या स्पर्धा खेळून आलेला एक जण महिनाभर जरी आपल्या मुलांत वावरला, तरी बूट कसे बांधावेत इथपासून फ्री थ्रोच्या आधी श्वास कसा घ्यावा इथपर्यंत मुलं त्याच्याकडून उचलतात. म्हणून माझं म्हणणं आणण्याबद्दल नाही, आणण्याच्या पद्धतीबद्दल आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. क्लबचं नाव घेत नाही. कोच मीच होतो, त्यामुळे चुकीतला मोठा वाटा माझाच. आमच्याकडे सात नंबरची जर्सी घालणारा एक पॉइंट गार्ड होता, म्हणजे बॉल समोरच्या रिंगकडं नेऊन खेळ चालवणारा, 'बॉल वर आणणारा' खेळाडू. सहावीत असल्यापासून ग्राउंडवर यायचा. पाऊस पडून गेला की सिमेंटच्या कोर्टवरचं पाणी पोत्यानं ओढून काढायला सगळ्यात आधी तोच वाकायचा. उंची बेताची, शॉट बरा, पण बाकीचे चौघं कुठं उभे आहेत हे त्याला न बघता कळायचं. स्पर्धेला तीन दिवस उरले असताना समितीनं एक मोठा खेळाडू आणला. सव्वासहा फुटांच्या वर उंची, बॉल स्वतःच्या हातात ठेवून खेळणारा, राष्ट्रीय स्पर्धा गाजवलेला. मी एकच संध्याकाळ सगळ्यांची एकत्र प्रॅक्टिस घेतली. पहिल्या पाचातून कोण बाहेर जाणार, हे मी कुणालाच सांगितलं नाही. माझी जीभच रेटली नाही. मॅचच्या दिवशी टेबलापाशी स्कोअरशीटवर पाच जणांच्या नावांपुढं खुणा केल्या, तेव्हा तो माझ्या शेजारीच उभा होता. त्यानं शीटकडं पाहिलं, काढलेला वॉर्म-अपचा शर्ट पुन्हा अंगात घातला आणि बेंचच्या टोकाला जाऊन बसला.

पहिल्या दोन मॅच आम्ही सहज काढल्या. सेमीफायनलला समोरच्यांनी गेस्टवर दोन-दोन माणसं घातली. तो बॉल बाहेर टाकत होता, पण ज्याच्याकडं यायचा तो तयारच नसायचा. एक जण बॉल घेऊन उभा राहायचा, दुसरा नको तेव्हा कट मारायचा, म्हणजे रिंगकडं धावायचा. त्या मॅचमधलं मला सगळ्यात जास्त काय आठवत असेल तर शांतता. आमची पोरं डिफेन्सला ओरडून खेळायची. 'डावीकडं स्क्रीन!', 'मी घेतो!', 'मागं बघ, मागं!' तिसऱ्या क्वार्टरनंतर कोर्टवर नुसता बुटांचा आवाज राहिला. टाइमआउटला पाचही जण माझ्याकडं बघत होते, एकमेकांकडं कुणीच बघत नव्हतं. आम्ही हरलो. मॅच संपल्यावर पाहुणा खेळाडू बूट सोडत माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "सर, तुमच्यात बॉल वर कोण आणतं? मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, कुणी बोललंच नाही." मग जरा थांबून म्हणाला, "तो सात नंबर माझ्यामुळं बसला का?"

मला उत्तर देता आलं नाही. सात नंबर त्या वर्षीच्या परीक्षेनंतर ग्राउंडवर परत आला नाही.

तेव्हापासून या विषयानं माझा पिच्छा सोडलेला नाही. जगातल्या मोठ्या टीमांनी हे कसं निभावलं, कुठं त्यांचंही फसलं, ते मी वाचत आणि बघत आलो. आपण ज्याला 'ट्यूनिंग' म्हणतो, टीव्हीवर ज्याला 'केमिस्ट्री' म्हणतात, ते काही हवेतलं नसतं. त्याचा साधा हिशेब आहे. कोर्टवर बॉल एकच आणि हात दहा. एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगची, एखादी टीम ४८ मिनिटांत साधारण ८५ ते ९० शॉट घेते. नवा स्टार आला की त्यातले अठरा-वीस त्याचे होतात. ते कुणाच्या तरी वाट्यातूनच जातात. आपल्या ४० मिनिटांच्या मॅचमध्ये तर वाटा आणखी लहान. ज्याला दर दुसऱ्या-तिसऱ्या अटॅकला बॉल हाताला लागायची सवय आहे, त्याला कोपऱ्यात तीन मिनिटं उभं करून अचानक बॉल दिला तर त्याचे हात थंड पडलेले असतात. शॉट चुकतो. चुकला की पुढच्या वेळी त्याला पास येत नाही. पास येत नाही म्हटल्यावर तो डिफेन्सला एक पाऊल उशिरा धावतो. हे एक पाऊल स्कोअरशीटवर कुठंच दिसत नाही, पण मॅच तिथंच जाते.

आता बोस्टनचं उदाहरण घेतो. जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्याला शिकण्यासारखं सगळ्यात जास्त तिथंच आहे.

२००६-०७ च्या मोसमात बोस्टन सेल्टिक्स ८२ पैकी फक्त २४ मॅच जिंकले होते. त्यात लागोपाठ १८ पराभवांचा एक पट्टा होता. पॉल पिअर्स हा त्यांचा एकटा मोठा खेळाडू, १९९८ पासून तिथंच. २००७ च्या उन्हाळ्यात टीमचा कारभार बघणाऱ्या डॅनी एंज यांनी आधी सिएटलहून रे ॲलनला आणलं आणि मग मिनेसोटाहून केविन गार्नेटला. एकट्या गार्नेटसाठी पाच खेळाडू आणि दोन ड्राफ्ट पिक (नवे खेळाडू निवडायचे हक्क) द्यावे लागले. म्हणजे अर्धी टीम गेली आणि आले दोन स्टार. तिघंही तिशी गाठलेले किंवा ओलांडलेले, तिघांनाही आपापल्या टीममध्ये शेवटचा शॉट मारायची सवय, आणि विजेतेपद तिघांपैकी एकाच्याही नावावर नाही. बिघडायला याहून जास्त काय लागतं?

मोसम सुरू व्हायच्या आधी कोच डॉक रिव्हर्स यांनी या तिघांना बोस्टनमध्ये विजयाच्या मिरवणुकीला वापरतात तसल्या 'डक बोट'मध्ये बसवलं आणि मिरवणूक ज्या वाटेनं निघते त्या वाटेनं फिरवून आणलं. नंतर अख्ख्या टीमला सरावासाठी रोमला नेलं. घरापासून, पेपरवाल्यांपासून लांब, सगळे एकाच हॉटेलात. आफ्रिकेतला 'उबुंटू' हा शब्द त्या वर्षी त्यांनी टीमला दिला. मी आहे तो आपण सगळे आहोत म्हणून, असा काहीसा त्याचा अर्थ. हडल, म्हणजे टीमचं कोंडाळं, मोडताना ते तोच शब्द म्हणायचे. नुसत्या शब्दानं टीम बनत नाही, हे मलाही कळतं. आकडे बघा. आधीच्या वर्षी आपापल्या टीमकडून पिअर्सची सरासरी मॅचमागे २५ गुणांची होती, ॲलनची २६.४, गार्नेटची २२.४. एकत्र आल्यावर पिअर्स १९.६ वर आला, ॲलन १७.४ वर, गार्नेट १८.८ वर. तिघांनी मिळून मॅचमागे बरोबर १८ गुण सोडले. टीम मात्र २४ वरून ६६ विजयांवर गेली, आणि २२ वर्षांनी बोस्टनला विजेतेपद मिळालं.

तरी मला सगळ्यात मोठा धडा या तिघांत सापडला नाही. तो सापडला राजॉन राँडोमध्ये. वय २१, एनबीएतलं दुसरंच वर्ष, बाहेरून शॉट कच्चा. इतके मोठे तीन खेळाडू आलेत, तर बॉल वर आणायचं काम एखाद्या अनुभवी माणसाला द्यावं, असा विचार कुणाच्याही मनात आला असता. बोस्टननं मोसमाच्या सुरुवातीपासून बॉल त्या पोराच्या हातात ठेवला. तीन स्टार त्याच्याकडून पास घेत खेळले. लेकर्सविरुद्धच्या फायनलमध्ये त्यालाही वाईट दिवस आले. चौथ्या मॅचमध्ये बोस्टन २४ गुणांनी मागे पडलं, तेव्हा जेम्स पोझी आणि एडी हाऊस या बेंचवरच्या दोघांना घेऊन त्यांनी ती मॅच ओढून आणली आणि राँडो बराच वेळ बसून होता. पण त्याचं काम त्याच्याकडून कुणी काढून घेतलं नाही. सहाव्या मॅचमध्ये, जिथं बोस्टननं १३१-९२ असा निकाल लावून विजेतेपद घेतलं, तिथं राँडोचे २१ गुण, ८ असिस्ट (बास्केट करून देणारे पास), ७ रिबाऊंड (चुकलेल्या शॉटवर पकडलेले बॉल) आणि ६ स्टील (समोरच्यांकडून हिसकावलेले बॉल) होते.

मी हे पहिल्यांदा नीट समजून घेतलं तेव्हा मला सात नंबर आठवला. आमच्या गेस्टला कुणीतरी बॉल आणून द्यायला हवा होता. त्याला स्वतःलाही तेच हवं होतं, त्यानं विचारलंही होतं. आणि ते काम गेली सहा-सात वर्षं करणारा मुलगा बेंचच्या टोकाला बसला होता. बसवायचंच होतं तर दुसऱ्या कुणाला बसवता आलं असतं. पण नवा खेळाडू आला की सगळ्यात बुटका तो बाहेर, इतकाच आमचा विचार.

दुसरी गोष्ट मायामीची. २०१० मध्ये लेब्रॉन जेम्स आणि ख्रिस बॉश दोघंही ड्वेन वेडच्या टीममध्ये आले. मोसम सुरू व्हायच्या आधीच स्टेजवर दिवे, धूर आणि जल्लोष करून स्वागत झालं. आणि पहिल्या १७ मॅचनंतर हिशेब होता नऊ विजय, आठ पराभव. लेब्रॉन आणि वेड दोघंही बॉल हातात घेऊन खेळणारे. आता तुझी पाळी, मग माझी पाळी, असं चालायचं. एक खेळला की दुसरा उभा. त्या वर्षी फायनलपर्यंत गेले, पण डॅलसनं त्यांना ४-२ असं हरवलं. जगातला सगळ्यात चांगला खेळाडू तुमच्याकडे असला तरी टीमला एकमेकांची सवय व्हायला वर्ष जातं, हे तिथं दिसलं. आपण तीन दिवस देतो.

मायामीत सगळ्यात जास्त बदलावं लागलं ते बॉशला. टोरांटोत तो त्या टीमचा राजा होता, मॅचमागे २४ गुण. मायामीच्या पहिल्या वर्षी १८.७, पुढं त्याहून कमी. कोच एरिक स्पोल्स्ट्रा यांनी त्याला हळूहळू सेंटरला नेलं. मोठ्या धिप्पाड माणसांना अंगावर घ्यायचं आणि अटॅकला रिंगपासून लांब उभं राहायचं, म्हणजे लेब्रॉनला आत शिरायला जागा मिळेल. हे काम कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. पेपरात बॉशवर टीका व्हायची. पण २०१३ च्या फायनलची सहावी मॅच आठवा. मायामी तीन गुणांनी मागे, मॅच हरली की विजेतेपद सॅन अँटोनियोचं. लेब्रॉननं मारलेला तीन गुणांचा शॉट रिंगवरून उडाला. त्या गर्दीत बॉल बॉशनं पकडला. तो वर उडी मारून स्वतः टाकू शकला असता. त्यानं मान वळवली आणि उलट्या पावलांनी कोपऱ्याकडं सरकणाऱ्या रे ॲलनला पास दिला. ॲलनचे पाय रेषेच्या मागे पोचले, बॉल सुटला, आत गेला. घड्याळात ५.२ सेकंद राहिले होते. मायामीनं ती मॅच ओव्हरटाइममध्ये काढली. सातव्या मॅचमध्ये बॉशचा एकही गुण नाही. शून्य. आणि मायामी विजेते.

तो रे ॲलन म्हणजे बोस्टनचाच. मायामीत तो बेंचवरून यायचा. पंधरा-सोळा वर्षं पहिल्या पाचात खेळलेला माणूस.

बेंचवर बसायला सांगणं हा गुन्हा नाही, हे आपल्या सगळ्यांना कळावं म्हणून आणखी एक नाव घेतो. आंद्रे इग्वोडाला. २०१४ मध्ये स्टीव्ह कर गोल्डन स्टेटचे कोच झाले तोवर इग्वोडाला ७५८ मॅच खेळला होता आणि त्या सगळ्याच्या सगळ्या पहिल्या पाचात. कर यांनी त्याला बेंचवरून यायला सांगितलं. त्यानं ऐकलं. त्या मोसमात एकही मॅच तो पहिल्या पाचात नव्हता. फायनलमध्ये टीम १-२ अशी मागे पडल्यावर चौथ्या मॅचला त्याला पहिल्यांदा सुरुवातीला उतरवलं. पुढच्या तिन्ही मॅच टीमनं जिंकल्या आणि फायनलचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून इग्वोडालाचंच नाव आलं. त्याला कमी लेखलं गेलं असतं, तर मोसमभर बसलेल्या माणसाच्या अंगात जूनमध्ये तेवढी ऊब उरली असती का?

दोन वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच टीमनं केविन ड्युरंटला आणलं. आधीच्या मोसमात त्यांनी ८२ पैकी ७३ मॅच जिंकल्या होत्या, त्यामुळे हात लावायची गरजच काय, असा प्रश्न होता. मला त्यातली एक गोष्ट मोलाची वाटते. ड्युरंटशी बोलायला मालक, मॅनेजर आणि कोच गेलेच, पण त्यांच्याबरोबर करी, थॉम्पसन, ग्रीन आणि इग्वोडाला हे टीमचे खेळाडूही गेले. ज्यांचे शॉट जाणार होते तेच बोलवायला गेले. स्टीफन करी त्याच वर्षी एकमतानं लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. त्याची सरासरी ३०.१ वरून २५.३ वर आली. क्ले थॉम्पसनची जवळपास तेवढीच राहिली, कारण त्याला बॉल हातात ठेवावाच लागत नाही. त्या डिसेंबरमध्ये इंडियानाविरुद्ध त्यानं २९ मिनिटांत ६० गुण केले आणि त्यात बॉल एकूण ११ वेळाच जमिनीवर आपटला. अकरा ड्रिबल, साठ गुण! मी आमच्या मुलांना हे सांगतो तेव्हा ती आधी हसतात, मग गप्प होऊन एकमेकांकडं बघतात. कारण साठ गुणांच्या मागे स्क्रीन लावणारे, म्हणजे डिफेंडरची वाट अडवणारे, आणि वेळेवर पास देणारे चौघं होते, हे त्यांना आपोआप कळतं.

तरीही पहिल्याच मॅचला सॅन अँटोनियोनं त्यांच्याच घरी त्यांना १२९-१०० असं झोडपलं होतं. आणि दोन वर्षांत दोन विजेतेपदं घेतल्यावरही नोव्हेंबर २०१८ मध्ये ड्युरंट आणि ग्रीन यांचा बेंचवर सगळ्यांसमोर खटका उडाला, ग्रीनला एका मॅचसाठी बाहेर ठेवावं लागलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात ड्युरंट निघून गेला. ट्यूनिंग एकदा जमलं म्हणजे कायमचं जमलं, असं नसतं. रोज बघावं लागतं.

फसलेल्या टीमांची यादी मोठी आहे, एकाच नावावर थांबतो. २०१२ मध्ये लेकर्सनं कोबी ब्रायंट आणि पाऊ गसोल यांच्या जोडीला ड्वाइट हॉवर्ड आणि स्टीव्ह नॅश यांना आणलं. कागदावर तशी टीम कुणाकडेच नव्हती. पाच मॅचनंतर कोच बदलला. नॅश दुसऱ्याच मॅचमध्ये जखमी झाला होता. टीमला दोन विजेतेपदं मिळवून देणाऱ्या गसोलला मोसमाच्या मध्यावर काही मॅच बेंचवर बसवलं. कशाबशा ४५ मॅच जिंकल्या, प्लेऑफच्या, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांच्या, पहिल्याच फेरीत ०-४, आणि हॉवर्ड ह्यूस्टनला गेला. दुखापती होत्या हे खरं. पण कोण कुठं उभं राहणार, बॉल कुणाकडे राहणार, हे मोसम निम्मा झाला तरी ठरलंच नव्हतं, हेही तितकंच खरं.

मुलींच्या क्लबांना आवर्जून सांगतो, कारण तुमच्याकडे बारा मुली जमवतानाच दमछाक होते आणि त्यात एक जरी दुखावून घरी बसली तरी टीम उभी राहत नाही. अमेरिकेतल्या महिलांच्या व्यावसायिक लीगमधल्या इंडियाना फीव्हरमध्ये २०२४ ला केटलिन क्लार्क आली. कॉलेजमध्ये तिनं गुणांचे विक्रम केले होते, सगळ्यांचे कॅमेरे तिच्यावर. पहिल्या नऊ मॅचपैकी आठ टीम हरली. २०१८ पासून तिथं घाम गाळणारी केल्सी मिचेल आणि आदल्या वर्षीची सर्वोत्तम नवोदित खेळाडू अलिया बॉस्टन, दोघींनी सोसलं. हळूहळू क्लार्कचे पास कुठून येतात आणि किती लवकर येतात हे बाकीच्यांना कळू लागलं. मोसमाच्या शेवटी तिच्या नावावर ३३७ असिस्ट होते, त्या लीगच्या एका मोसमातले तोवरचे सर्वाधिक. टीम २०-२० वर आली, आणि मिचेलला सातव्या वर्षी पहिल्यांदा प्लेऑफ खेळायला मिळाली. तिचे गुण कमी झाले नाहीत, उलट थोडे वाढले. स्टार असा असावा की शेजारच्या मुलीला आधीपेक्षा सोपे शॉट मिळू लागतील. गेस्ट निवडताना तुम्ही उंची आणि गुण विचारता. तो पास देतो का, हेही विचारा.

सात नंबर मला मागच्या उन्हाळ्यात भेटला. आता नोकरी करतो. आपल्या पुतण्याला समर कॅम्पला घालायला आला होता. फॉर्म भरून झाल्यावर आम्ही दोघं बाकावर बसलो. इतक्या वर्षांत जे बोललो नव्हतो ते मी त्याला सांगितलं, की त्या दिवशी मी तुला आधी सांगायला हवं होतं. तो बराच वेळ समोरच्या रिंगकडं बघत राहिला. मग म्हणाला, "सर, बसायचं वाईट वाटलं नव्हतं. तो खरंच चांगला होता. मी शीटवर वाचलं, त्याचं वाटलं. आदल्या दिवशी सांगितलं असतं तर मी त्याला शिकवलं असतं आपली टीम कशी खेळते ते."

म्हणून, समितीतल्या मंडळींनो, तुमच्याकडं माझं मागणं आहे. गेस्टशी व्यवहार पक्का करायच्या आधी कोचला विचारा की याच्यामुळं कोण बसणार. कोचकडं उत्तर नसेल तर व्यवहार चार दिवस थांबवा. उत्तर असेल तर कोचनं त्या मुलाच्या घरी जावं किंवा त्याला ग्राउंडवर एकट्याला भेटावं, आणि तोंडानं सांगावं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर नाही, दुसऱ्या मुलाकरवी नाही. काय सांगायचं तेही ठरवून जावं. तू बसणार आहेस, पण पाचव्या-सहाव्या मिनिटाला उतरणार आहेस, आणि उतरल्यावर तुझं काम हे. नुसतं 'टीमसाठी त्याग कर' म्हणू नका, पोरांना ते पोकळ वाटतं आणि त्यांचं बरोबर असतं.

दुसरं मागणं वेळेचं. गेस्ट आणायचाच असेल तर निदान तीन आठवडे आधी आणा. परवडत नसेल तर शनिवार-रविवार तरी बोलवा. पैशाची अडचण मला माहीत आहे, बोर्डाची काच फुटली तर ती बदलायला आपण वर्गणी काढतो. पण तीन दिवसांसाठी मोजलेले पैसे खरे वाया जातात. तेवढ्यात तो आपल्या मुलांची नावंही शिकत नाही.

आणि एक गोष्ट, जिच्यावर पैसाही लागत नाही. पाहुणा खेळाडू पहिल्या दिवशी ग्राउंडवर येईल तेव्हा त्याला घ्यायला स्टँडवर समितीचा माणूस पाठवू नका. कॅप्टनला पाठवा, आणि त्याच्याबरोबर ज्याची जागा जाणार आहे त्या मुलालाही. त्या दोघांनी त्याला चहा पाजावा, आपल्या कोर्टवर कुठं चढ आहे, कुठल्या कोपऱ्यात बॉल नीट उसळत नाही, डाव्या रिंगवर वारा कुठून येतो, ते दाखवावं. बॉल वर कोण आणतं, हा प्रश्न त्यानं विचारायच्या आधी त्याला त्याचं उत्तर मिळालेलं असावं.

सहकारी प्रशिक्षकांनो, तुम्हाला वेगळं काय सांगू. समितीनं माणूस आणला की आपण हो म्हणतो, कारण क्लब त्यांच्या जिवावर चालतो आणि आपल्याला रोज त्याच ग्राउंडवर उभं राहायचं असतं. मीही हो म्हणालो होतो. यंदा तुमच्यापैकी कुणाला समितीसमोर हे बोलायला अवघड वाटत असेल, तर मला फोन करा, मी बरोबर येईन. संध्याकाळी सहा ते साडेआठ मी ज्युनिअर मुलांबरोबर ग्राउंडवरच असतो. एंट्रीच्या फॉर्मवर बारा नावं लिहायला अजून काही दिवस आहेत.

आपला स्नेहांकित,
ज्युनिअर मुलांचा एक प्रशिक्षक